लोबेड किंवा फ्लॅटबेडवर ड्रायव्हर म्हणून लागायचंय? मग सुरुवात चेनपासून करा

कंटेनर किंवा बंद बॉडीची गाडी चालवणारे बरेच जण विचारतात की लोबेडवर, म्हणजे जड मशीन नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरवर, कसं लागायचं, काम रोज तेच तेच नसतं म्हणे, आणि जबाबदारी जास्त म्हणून मानही जास्त. खरंय ते. पण एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा, या कामात मालक तुमचं ड्रायव्हिंग बघून घेत नाही, ड्रायव्हिंग येतं हे तो धरूनच चालतो. तो बघतो की याला माल बांधता येतो का, आणि शंका आली तर हा गडी गाडी थांबवतो का. बंद गाडीत माल दुसऱ्याने भरला, दरवाजाला सील लागलं, तुम्ही निघालात. उघड्या ट्रेलरवर तसं नाही, माल कसा बसलाय, कशाने बांधलाय, रस्त्यात काय ढिलं झालं ह्या सगळ्याचं उत्तर शेवटी ड्रायव्हरलाच द्यावं लागतं. म्हणून खाली मी बांधणीवरच सगळ्यात जास्त लिहिलंय, बाकीचं त्यामानाने सोपं आहे.

पहिलं काम, ट्रेलर ओळखायला शिका. जाहिरातीत नुसतं "ट्रेलर ड्रायव्हर पाहिजे" असतं आणि फोन लावल्यावर कळतं की त्यांना भलतंच काहीतरी पाहिजे. फ्लॅटबेड म्हणजे सपाट उघडा प्लॅटफॉर्म, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच, त्यावर सळई, पाइप, कॉइल, लाकूड, काँक्रीटचे तयार तुकडे असलं सामान जातं. लोबेड किंवा लो लोडर म्हणजे ज्याचा पुढचा वाकडा भाग, गूजनेक, हॉर्सवर म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीवर बसतो आणि त्याच्या मागे प्लॅटफॉर्म एकदम खाली उतरतो. तो खाली का, तर पोकलेनसारख्या मशीनची स्वतःचीच उंची तीन मीटर किंवा त्याहून जास्त असते, ती दीड मीटरवर चढवली की पूल, वायरी, झाडाच्या फांद्या सगळंच आडवं येतं. ह्या दोन्हीच्या मधला तो स्टेप डेक. लोबेडमध्ये परत काहींना मागे रॅम्प असतात आणि मशीन मागून चढते, काहींचा गूजनेकच सुटतो आणि मशीन पुढून चढते, काही ट्रेलर लांबीला ओढून वाढवता येतात, काहींचे मागचे अॅक्सल वळतात. फोनवर बोलताना "गूजनेक फिक्स आहे का सुटणारा" एवढं जरी विचारलंत तरी समोरच्याला कळतं की माणूस अभ्यास करून आलाय.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो. जोडवाहनाचं, म्हणजे हॉर्स आणि सेमी ट्रेलर ओढायचं जड वाहनाचं लायसन्स लागतं, त्याचं नाव आणि वर्ग प्रत्येक देशात वेगळा आहे, तुमच्याकडचा कोणता ते परिवहन खात्याकडूनच पक्कं करा, एजंटाच्या तोंडून नाही. सोबत मेडिकल, डोळ्यांची तपासणी, आणि जिथं ड्रायव्हिंगच्या तासांची नोंद ठेवावी लागते तिथं त्या नोंदीची मशीन कशी वापरायची ते शिकून घ्या. कागद सगळे एका फाइलमध्ये आणि फोटो मोबाइलमध्ये. फोर्कलिफ्ट किंवा पोकलेन चालवायचं सर्टिफिकेट असेल तर ते सगळ्यात वर ठेवा. लोबेडवर बऱ्याचदा मशीनचा ऑपरेटर हजर नसतो आणि ड्रायव्हरलाच मशीन चढवावी लागते, म्हणून ज्याच्याकडे हे सर्टिफिकेट आहे त्याचा फोन आधी उचलला जातो.

आता मुख्य अडचण. अनुभवाशिवाय लोबेड कोणी देत नाही आणि लोबेड मिळाल्याशिवाय अनुभव येत नाही. ह्यातून वाट अशी की थेट लोबेडच्या मागे लागूच नका, त्याच्या शेजारच्या कामात शिरा. मी स्वतः आधी फ्लॅटबेडवर सळई आणि पाइपच वाहिले, दीड वर्ष, आणि त्या दीड वर्षात जे हाताला बसलं ते आजपर्यंत उपयोगी पडतंय. कुठं कुठं शिरता येतं ते सांगतो. स्टीलचे आणि बांधकामाच्या मालाचे ट्रान्सपोर्टर नव्या माणसाला घेतात कारण त्यांना माणसं कायम कमी पडतात. मशीन भाड्याने देणाऱ्या कंपन्या, त्यांच्याकडे छोट्या ट्रेलरवर छोटी मशीनं पोचवायची असतात, रोज तीनतीन चारचार वेळा चढवणं उतरवणं होतं, शिकायला ह्यापेक्षा चांगली जागा नाही. बिघडलेल्या गाड्या उचलणारे रिकव्हरीवाले, तिथं विंच आणि चेन दोन्ही शिकायला मिळतं.

आणि एक जागा नवीन माणसाला सहसा सुचत नाही ती म्हणजे क्रेन कंपन्या. मोठी क्रेन जिथं जाते तिथं तिचे काउंटरवेट, म्हणजे तोल राखायची जड वजनं, वेगळ्या फ्लॅटबेडवर मागून जातात. त्या गाडीला ड्रायव्हर लागतोच, माल तोच तोच असतो, बांधायची पद्धत ठरलेली असते आणि आजूबाजूला सगळे जड कामातले जुने लोक. तिथं वर्षभर काढलं की लोबेडचं दार आपोआप किलकिलं होतं.

अजून एक म्हणजे सेकंड मॅन किंवा हेल्पर म्हणून जाणं. ड्रायव्हिंगचं लायसन्स खिशात असताना हेल्पर म्हणून जायला जिवावर येतं हे मला माहितीये, पण लांब आणि रुंद मालावर दुसरा माणूस लागतोच आणि जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून चार महिन्यांत जे दिसतं ते एकट्याने चार वर्षांत दिसत नाही. फक्त जाताना मालकाशी बोलून घ्या की किती महिन्यांनी स्टीअरिंग मिळणार, नाहीतर हेल्परच राहाल.

आता बांधणी. कामाला लागायच्या आधी हे शिका, लागल्यावर नाही. नुसत्या बोलण्यातूनच इंटरव्ह्यूमध्ये कळतं कोणाला येतं आणि कोणाला नाही.

जोराचा ब्रेक मारला की माल पुढे जायला बघतो, आणि तो जोर मालाच्या वजनाच्या ८० टक्के धरायचा. बाजूला आणि मागे ५० टक्के. युरोपातलं ईएन १२१९५ स्टँडर्ड घ्या नाहीतर अमेरिकेतले नियम, रस्त्यासाठी आकडे हेच आहेत. म्हणजे १० टनाचं धूड असेल तर ८ टनाने पुढे ढकललं जाणार असं समजून बांधायचं. ह्यातलं थोडं घर्षण पेलतं, बाकीचं तुमच्या चेन आणि बेल्टनी पेलायचं. समजा मालाखालचं घर्षण ०.३ आहे, तर ८० टक्क्यांतले ३० गेले आणि ५० टक्के बांधणीवर आले. तेच खाली रबरी अँटीस्लिप मॅट टाकलं, ज्याचं घर्षण ०.६ धरतात, तर बांधणीवर फक्त २० टक्के उरले. मॅटचा एवढासा तुकडा आणि बांधणीवरचं ओझं निम्म्याहून कमी. म्हणून ट्रेलरवर सांडलेलं तेल, चिखल, वाळू झाडल्याशिवाय माल घ्यायचा नाही, कोण कितीही घाई करू दे.

नवीन माणूस बेल्टच्या बाबतीत हमखास चुकतो. बेल्टच्या टॅगवर मोठा आकडा बघतो आणि समजतो की हा बेल्ट माल तेवढ्या ताकदीने खाली दाबून धरतोय. तसं नाहीये. ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या रॅचेट बेल्टवर एलसी २५०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे सरळ ओढल्यावर साधारण अडीच टनापर्यंत तो सुरक्षित पेलतो. पण तुम्ही तो मालावरून आडवा टाकून हाताने आवळता तेव्हा ताण येतो तो टॅगवरच्या एसटीएफ ह्या आकड्याएवढा, आणि तो नेहमीच्या रॅचेटला ३०० ते ५०० किलोच्या आसपास असतो. अडीच टन कुठं आणि ३०० किलो कुठं! त्यात परत बेल्ट मालावरून खाली येताना चपटा कोन करत असेल तर अजून कमी, प्लॅटफॉर्मशी ३० अंशाचा कोन असेल तर खाली दाबायचा जोर बरोबर निम्मा होतो. आणि टॅगच फाटला असेल तर तो बेल्ट वापरायचा नाही, किती नवा दिसो, कारण त्याची ताकद किती हे कुणालाच सांगता येत नाही.

जड मशीनला बेल्ट नाही, चेन. चेनच्या कडीवर ग्रेड कोरलेला असतो, ७०, ८० असा, तो वाचायची सवय लावा. १० मिलिमीटरच्या ग्रेड ७० चेनची सुरक्षित क्षमता, म्हणजे डब्ल्यूएलएल, साधारण ३ टन. बांधणीची पूर्ण साखळी धरली तर जो भाग सगळ्यात कमजोर तेवढीच तिची ताकद, चेन ३ टनाची आणि हुक दोन टनाचा तर ती बांधणी दोन टनाचीच. अमेरिकेत साधारण साडेचार टनांवरच्या मशीनला कमीत कमी चार ठिकाणी बांधावंच लागतं आणि बूम म्हणजे मशीनचा लांब हात, आणि बकेट खाली टेकवून वेगळी बांधायची असते. तुमच्या देशात नियम काही असो, चार कोपरे आणि बूम वेगळा ही सवय ठेवाच. पुढच्या चेन पुढे ओढणाऱ्या, मागच्या मागे ओढणाऱ्या, म्हणजे मशीन दोन्हीकडून ताणात राहते. हुक मशीनवर जिथं बांधायचा पॉइंट दिलाय तिथंच, हायड्रॉलिक पाइपवर किंवा पायरीवर कधीच नाही.

चेन आवळायचा बाइंडर दोन प्रकारचा, लिव्हरवाला आणि रॅचेटवाला. नव्यांनी रॅचेटवालाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. लिव्हरवाल्यात सगळा ताण त्या दांड्यात साठतो आणि सोडताना दांडा उलटा येतो, त्यात जबडे फुटलेले लोक मी पाहिलेत. लोक त्याला पाइप घालून लांब करतात, ते तर बिलकुल करू नका.

मशीन चढवण्याबद्दल. लोखंडी पट्ट्यांची ट्रॅक आणि लोखंडी रॅम्प, त्यात पाऊस, म्हणजे मशीन साबणावर असल्यासारखी बाजूला घसरते. रॅम्पवर लाकूड किंवा रबर हवं, आधी ट्रॅकचा चिखल काढायचा, ट्रेलर सपाट कडक जमिनीवर उभा करायचा, आणि मशीन चढताना ट्रेलरच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, सूचना देणारा माणूससुद्धा लांब आणि ऑपरेटरला दिसेल असा. मशीन कुठं थांबवायची हे पण शिकावं लागतं, अर्धा मीटर पुढे गेली तर हॉर्सवर वजन जास्त, मागे राहिली तर ट्रेलरच्या अॅक्सलवर जास्त आणि हॉर्सची पकड कमी. जुने लोक सस्पेन्शनचं हवेचं प्रेशर किंवा टायरचं बसणं बघून सांगतात, तुम्ही वजनकाट्यावर जाऊन बघा आणि लिहून ठेवा, कोणती मशीन कुठं उभी केली तर काटा काय आला. सहा महिन्यांनी ती वही सोन्यासारखी वाटेल.

चढवल्यावर वरचा भाग फिरू नये म्हणून स्लू लॉक, बॅटरी स्विच बंद, दरवाजे आणि बोनेट लॉक. आणि एक बारीक गोष्ट, टर्बोवालं इंजिन असेल तर सायलेन्सरचं तोंड झाका. गाडी पळताना वारा आत शिरून टर्बो फिरत राहतो, इंजिन बंद म्हणजे त्याला तेल नाही, आणि बेअरिंग जातात. ट्रायलच्या दिवशी न सांगता तुम्ही हे केलंत तर समोरचा तिथंच निम्मा पटतो.

उंची. माल चढल्यावर, बांधल्यावर, स्वतः पट्टी लावून मोजायची, कागदावरची नाही. मशीनच्या माहितीपत्रकात ३.१ मीटर लिहिलेलं असतं आणि वर कुणीतरी लाइट किंवा अँटेना बसवलेला असतो. मोजलेला आकडा केबिनमध्ये समोर दिसेल असा लावा. आणि नुसती उंची कळून भागत नाही, पुलाखाली कोणत्या लेनमधून जायचं हे पण बघावं लागतं. २३ मे २०१३ ला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नदीवरच्या पुलाला एका मोठ्या मालाच्या ट्रेलरने वरच्या आडव्या लोखंडाला धडक दिली आणि पुलाचा एक गाळा सरळ नदीत गेला. पुढे उंचीचा पोल लावलेली पायलट गाडी होती, परमिट होतं, तरीही. त्या पुलाचं वरचं लोखंड कमानीसारखं होतं, कडेच्या लेनवर खाली आणि मधे उंच, आणि ट्रेलर कडेच्या लेनमध्ये होता. दोन गाड्या पाण्यात पडल्या, नशिबाने सगळे वाचले.

लोबेडचा दुसरा धोका उंचीच्या उलटा, पोट टेकायचा. रेल्वे फाटक, मोठा स्पीडब्रेकर, उंचवट्याचा पूल, इथं पुढची आणि मागची चाकं दोन बाजूंना आणि मधला प्लॅटफॉर्म अडकलेला, असं होतं. आणि नाही अडकलं तरी लांब आणि हळू गाडीला फाटक ओलांडायला किती वेळ लागेल ते आधी मोजायला हवं. ६ जानेवारी १९६८ ला इंग्लंडमध्ये हिक्सनच्या फाटकावर १२० टनाचा ट्रान्सफॉर्मर नेणारी गाडी रांगत पार होत होती, पोलिसांची गाडी सोबत होती, आणि एक्सप्रेस येऊन धडकली, ११ जण गेले. फाटकाजवळ सिग्नलमनला विचारायला टेलिफोन होता, तो कोणी उचललाच नव्हता. म्हणून नवीन रस्ता असेल तर मी आजही आधी स्वतः बघून येतो किंवा बघून आलेल्या माणसाशी बोलतो, आणि फाटक असेल तर रेल्वेशी बोलल्याशिवाय चाक पुढे टाकत नाही.

आता अर्ज कसा करायचा. बायोडेटा एका पानाचा, त्यात "मेहनती, प्रामाणिक" वगैरे लिहून जागा घालवू नका. कोणते ट्रेलर ओढले, किती अॅक्सलचे, कोणता माल, चेन का बेल्ट, ताडपत्री बांधता येते का, कोणती मशीन स्वतः चढवता येते, अपघात किंवा दंड आहे का, असेल तर खरं काय ते एका ओळीत. मोबाइलमध्ये तुम्ही बांधलेल्या मालाचे पंधरावीस फोटो ठेवा, चारी बाजूंनी काढलेले, मालकाची परवानगी घेऊन आणि कंपनीचं नाव किंवा नंबर दिसणार नाही असे. तोंडी दहा मिनिटं सांगण्यापेक्षा हे फोटो जास्त बोलतात. आणि नुसते ऑनलाइन अर्ज टाकून बसू नका, सकाळी लवकर गाड्या निघायच्या वेळेला यार्डवर जाऊन यार्ड बघणाऱ्या माणसाला भेटा, कारण एखादा ड्रायव्हर आला नाही म्हणून गाडी उभी आहे हे ऑफिसच्या आधी त्याला कळतं.

ट्रायल घेतली तर घाई करायची नाही. आधी गाडीभोवती पूर्ण फेरी, टायर, लाइट, हवेचे पाइप, किंगपिनचं, म्हणजे ट्रेलर हॉर्सला अडकवणाऱ्या पिनचं, लॉक डोळ्याने बघून, मग जोडल्यावर ब्रेक धरून हलकं पुढे ओढून बघायचं की नीट अडकलंय. रिव्हर्सला अंदाज येत नसेल तर उतरून बघून या, दोनदा उतरलात तरी चालेल, न उतरता ठोकलीत तर नाही चालणार. वळणावर मागची चाकं आत किती कापतात हे आरशात बघत राहा. काही माहीत नसेल तर "हे मी केलेलं नाही, दाखवा" म्हणा, ह्यामुळे कुणाला नाकारलेलं मी पाहिलं नाही, खोटं बोलून पकडले गेलेले मात्र नाकारलेले पाहिलेत.

तुम्ही पण त्यांना विचारायचं. ओव्हरलोडचा दंड कोण भरणार. परमिट आणि रस्त्याची पाहणी कोण करतं, आणि परमिट हातात येईपर्यंत गाडी थांबणार ना. लोडिंगला दिवसभर उभं राहिलो तर त्याचे पैसे मिळतात का. चेन, बेल्ट, मॅट कंपनी देते का, आणि खराब झाले तर बदलून कोण देतं. मी माल असुरक्षित आहे म्हणून नाही म्हटलं तर काय होईल. ह्या शेवटच्या प्रश्नावर समोरचा चिडला तर तिथं काम करू नका, पगार कितीही असो. एका ठिकाणी मला घासलेल्या चेनवर निघायला सांगितलं होतं, मी नाही म्हणालो, काम गेलं, पंधरा दिवस घरी होतो, त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा, ओरिजिनल लायसन्स किंवा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणारा, परदेशातलं काम आहे म्हणून तुम्हाला वाचता न येणाऱ्या भाषेतल्या करारावर सही मागणारा, ह्या तिघांपासून लांब. परदेशात जायचं असेल तर करार कळणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या आणि तुमचं लायसन्स तिथं चालतं का ते तिथल्या सरकारी खात्याकडून कळवून घ्या.

काम लागलं की पहिले काही आठवडे एक गोष्ट चुकवू नका. निघाल्यावर थोड्या वेळाने थांबून सगळी बांधणी परत बघायची. अमेरिकेत नियम आहे की पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा, आणि मग दर २४० किलोमीटर किंवा तीन तासांनी, आणि ते बरोबरच आहे, कारण माल पहिल्या काही किलोमीटरमध्येच बसतो आणि चेन ढिल्या पडतात. खड्ड्यात गेलात, जोराचा ब्रेक लागला, तर लगेच थांबा. चढताना उतरताना ट्रेलरकडे तोंड, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय कायम टेकलेला, उडी नाही. दीड मीटर काही फार वाटत नाही, पण ओल्या प्लॅटफॉर्मवरून पडून घोटा गेला की दोन महिने घरी. हातमोजे, पंजावर कडक टोप असलेले बूट, चमकणारं जॅकेट पहिल्या पगाराची वाट न बघता घ्या. आणि रात्री गाडी लावल्यावर बॅटरी घेऊन एक फेरी मारा, सकाळी निघायच्या आधी परत एक, कारण मधल्या वेळात चेन कुणी हलवलीये की नाही ते बघितल्याशिवाय कळत नाही.